माझ्या मूत्रपिंडांनी काढलेला दसरा

लघवीबद्दल चारचौघांत बोलायचं नसतं, असं मला माहेरी शिकवलं आणि सासरीही. मी आता ते ऐकत नाही. पालमला आमची पिठाची गिरणी आहे. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी विचारते, "पाणी पिलीस का? लघवीला नीट होतं का?" काहीजणी पदर तोंडाला लावून हसतात, काहीजणी डबा ठेवून पळतात. पण एकीनं कानाशी येऊन खरं ते सांगितलं आणि ती वेळेवर दवाखान्यात गेली. म्हणून हे लिहायला बसले. यात औषधांची नावं नाहीत, ती आपापल्या डॉक्टरांना विचारा. मला दोनच गोष्टी सांगायच्या आहेत. माझ्यावर काय गुदरलं ती एक, आणि माझ्या पाठीत देवानं केवढा कारभार मांडून ठेवलाय तो मला कसा कळला, ती दुसरी. दुसरी सांगताना माझा आवाज चढतो. चढू द्या.

घर अंगणात

आमच्याकडं नवरात्रात घट बसायच्या आधी दसरा काढतात. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. दसरा काढायचा म्हणजे घरातली झाडून सगळी चीज अंगणात आणायची. फळीवरची पितळी भांडी, धान्याचे डबे, वाकळा, उशांच्या खोळी, दारामागं अडकवलेली पिशवीसुद्धा. मोकळं घर झाडायचं, पुसायचं, भिंतींवरून हात फिरवायचा. बाहेरचं सगळं घासायचं, धुवायचं, उन्हात टाकायचं. मग एकेक वस्तू हातात घेऊन आत न्यायची. कामाची असेल ती तिच्या जागी जाते, नको असेल ती बाहेरच राहते. आमच्या घरात आणखी एक नियम आहे: ज्या बाईनं सामान काढलं तिनंच ते लावायचं, म्हणजे नंतर भांडण नको.

माझा दसरा गल्लीत सगळ्यात आधी निघतो. हा माझा तोरा आहे. त्या वर्षी नेमकं आदल्या दिवशी पोट बिघडलं, जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं, तरी मी पदर खोचला. आत्याबाईंनी, म्हणजे माझ्या सासूबाईंनी, बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा पुढं केला. त्यात त्यांच्या गुडघ्याच्या गोळ्या असतात.

"कंबर धरायच्या आगुदरच घे," त्या म्हणाल्या. "मंजे दिवसभर चालतंय."

ही काही त्यांची एकटीची युक्ती नाही. दसऱ्याच्या दिवसांत आमच्या गल्लीतल्या कितीतरी बायका सकाळी एक, संध्याकाळी एक गोळी घेतात. दुखल्यावर नव्हे, दुखायच्या आधी. पाणी मात्र कुणी पीत नाही. वाकळा धुवायला ओढ्यावर गेलं की तिथं आडोसा नसतो, म्हणून लघवीला लागूच नये अशी व्यवस्था करून जायचं. मी तर जुलाबांनी आधीच कोरडी झाले होते. रिकाम्या पोटी गोळी, वर ऊन, आणि ओल्या वाकळा पिळायच्या. असं ओळीनं काही दिवस चाललं.

मग लघवी कमी झाली. मला वाटलं, बरं झालं, कामात खोळंबा नाही. चेहरा भरला. शेजारच्या रेखानं गालाला हात लावून विचारलं, "तब्येत लय सुधारली की गं. काय खायलीस?" मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. घरात जाऊन आरसा पाहिला. पायातली जोडवी रुतायला लागली, बांगड्या हातात फिरेनात, तरी मी म्हणत राहिले की अंगावर आलं. अंग ठणकत होतं म्हणून गोळी चालूच होती.

ज्या सकाळी शेवटची फळी उतरवायची होती त्या सकाळी उलट्या सुरू झाल्या. ओटा चढताना धाप लागली. अंगणात सगळं घर मांडून ठेवलेलं, आणि मी त्या भांड्याकुंड्यांच्या मधोमध बसून राहिले. मला उठताच येईना.

जोडवी

गंगाखेडच्या डॉक्टरांनी माझ्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो तसाच राहिला. मग त्यांनी विचारलं, "शेवटची लघवी कधी झाली?"

मला आठवेना. गिरणीत कुणाचे किती पायली गहू आले ते मला तोंडपाठ असतं, आणि हे आठवेना. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, रिपोर्ट हातात घेतला, आणि आमच्याकडं न बघता चिठ्ठी लिहायला लागले. "मूत्रपिंडांनी काम बंद केलंय," ते म्हणाले. "इथून सरळ परभणीला जा. घरी जाऊन जेवून निघू, असं करू नका."

आमचे हे दिवसभर गिरणीच्या आवाजात असतात, त्यामुळं घरातसुद्धा ओरडूनच बोलतात. आमच्याकडं 'मीठ दे' म्हटलेलं कोपऱ्यावरच्या दुकानात ऐकू जातं. त्या गाडीत ते परभणी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रिपोर्टला मी घाबरले नव्हते, त्यांच्या गप्प बसण्याला घाबरले.

परभणीच्या दवाखान्यात सिस्टरनं आधी माझी जोडवी कापली. लग्नात घातल्यापासून ती निघाली नव्हती. कात्री लागली तेव्हा मला रडू फुटलं. पाय बघून नाही, जोडवी बघून. ह्यांनी ती उचलली आणि शर्टाच्या खिशात ठेवली.

तिथल्या डॉक्टर मॅडम गंगाखेडकडच्याच, माझ्याहून लहान. त्यांनी खुर्ची ओढून माझ्या कॉटजवळ घेतली. "ताई, किडन्या गेल्या असं मी म्हणत नाही. थांबल्यात. अशा दुखण्यात बहुतेकांच्या परत चालू होतात. काहींच्या होत नाहीत, त्यांना कायम डायलिसिसच्या मशीनवर यावं लागतं. तुमचं कुठं बसतं, ते आत्ता मला सांगता येणार नाही."

एवढंच. चालू होतील किंवा होणार नाहीत. त्या दिवसापासून मला दुसरं काही सुचलं नाही.

गोळ्यांचं कळल्यावर ह्यांचा आवाज परत आला. व्हरांड्यात उभं राहून त्यांनी घरी फोन लावला. "तुज्याच गोळ्यानं झालंय हे, आय. तुज्याच." वॉर्डातल्या सगळ्यांनी ऐकलं. त्यानंतर घरचा फोन आमची मुलगी ऋतुजाच उचलायची. आत्याबाईंना बोलव म्हटलं की सांगायची, "आजी देवापाशी बसलीय."

चाळणी एवढ्यावर थांबत नाही

मग मलाही मशीनवर घेतलं, आणि त्याचं भय मला आधी फार वाटलं. मानेत नळी घालतात. आपलं रक्त एका पारदर्शक नळीतून बाहेर जाताना डोळ्यांनी दिसतं, मशीनमध्ये फिरतं आणि दुसरीतून परत येतं. पहिल्या वेळी मी डोळे गच्च मिटून घेतले. दुसऱ्या वेळी एक उघडला. तिसऱ्या वेळेपर्यंत मी सिस्टरला प्रश्न विचारून हैराण केलं होतं, आणि तिनं कंटाळून डॉक्टर मॅडमना बोलावलं.

"मॅडम, किडनी म्हणजे चाळणीच ना?" मी गिरणीवाली, मला दुसरं काय सुचणार. "पीठ एकीकडं, कोंडा एकीकडं."

"अर्धं बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "खरी गंमत चाळणीच्या पुढं आहे."

त्यांनी मला मूठ वळायला लावली आणि ती पाठीमागं नेली. "एवढी एक इकडं, एवढीच दुसरी तिकडं. कण्याच्या दोन बाजूंना, शेवटच्या बरगड्यांच्या आडोशाला. आकार घेवड्याच्या बीसारखा. हृदयाकडून येणारी जाड रक्तवाहिनी आत शिरते आणि फाटे फुटत फुटत केसाहून बारीक होते. त्या बारीक वाहिन्यांचे गुंतवळ असतात, एकेका किडनीत लाखो. प्रत्येक गुंतवळ एका इवल्याशा वाटीत बसलेला. रक्त तिथं जोरानं येतं आणि त्यातलं पातळ ते झिरपून वाटीत पडतं. रक्तातल्या पेशी मोठ्या, त्या जात नाहीत. प्रथिनंही आतच राहतात. बाकी पाणी, साखर, मीठ, घाण, सगळं बाहेर."

"साखर पण? मीठ पण? ते तर अंगाला लागतं की."

"लागतं. पण काय लागतं ते चाळणीला कुठं कळतंय? जे मावतं ते ती सोडून देते. दिवसभरात तुमच्या अंगणातला पाण्याचा ड्रम भरत येईल एवढं सोडते."

पालमला घरोघरी तो निळा ड्रम असतो. तेवढं पाणी लघवीवाटे गेलं तर माणूस दुपारपर्यंत वाळून जाईल. मी म्हटलं, "मग ते जातं कुठं?"

"परत आत. वाटीच्या बुडाला एक नळी असते, वळणावळणाची. खाली उतरते, पुन्हा वर येते. तिच्या अस्तरात पेशींची रांग लागलेली असते. जे समोरून येईल ते त्या निवडतात. साखर आली, आत घे. पाणी आलं, जवळजवळ सगळं आत घे. मीठ आज किती हवं तेवढंच आत घे. जे कुणीच उचलत नाही ते पुढं वाहत जातं आणि खाली मूत्राशयात साठतं. एवढ्या ड्रमातून शेवटी दोन तांबे उरतात. ती लघवी."

मी ताडकन उठून बसले. मानेतली नळी ओढली गेली आणि सिस्टर माझ्या अंगावर ओरडली. पण मला राहवेना. "मॅडम, अहो, हे तर दसरा काढणं झालं. सगळं घर बाहेर आणायचं आणि हवं ते एकेक आत न्यायचं."

मॅडम हसायला लागल्या. त्यांच्या घरीही दसरा निघायचा, लहानपणी त्यांना फळीवर चढवायचे. "दसरा वर्षातून एकदा," त्या म्हणाल्या. "हा रात्रंदिवस चाललेला असतो."

मला वाटलं होतं, शरीर घाण शोधून शोधून फेकत असेल. तसं नव्हतंच. जगात घाण किती तऱ्हांची असेल, कुणी किती ओळखावी? त्यापेक्षा सगळंच बाहेर काढा आणि आपलं तेवढं ओळखून आत घ्या. ही अक्कल माझ्या पाठीत जन्मापासून होती, आणि मी तिला कधी तांब्याभर पाणी वेळेवर दिलं नव्हतं. मशीनला टांगलेली असूनसुद्धा मी आनंदानं थरथरत होते. बीपी वाढलं म्हणून सिस्टरनं मॅडमनाच दटावलं.

"आणि गोळीनं काय केलं?" मी विचारलं.

"येणाऱ्या रक्ताची धार बारीक केली. एरवी शरीर सांभाळून घेतं. पण तुमच्या अंगात पाणीच नव्हतं, त्यात ही गोळी. नळीच्या अस्तरापर्यंत रक्त पोचेना. सामान आत लावणाऱ्या बायका उपाशी पडल्या असं समजा."

"मेल्या?"

"काही गेल्या. पण तिथं नव्या येतात. त्याला वेळ लागतो, आणि तो वेळ काढायला हे मशीन. मशीन घाण काढतं, पण ताई, त्याला तुमच्या मूत्रपिंडाइतकं निवडता येत नाही."

वाट

रुग्णालयाचा दिवस लघवीच्या भांड्याभोवती फिरायचा. कॉटखाली प्लॅस्टिकचं मापाचं भांडं ठेवलेलं होतं. सकाळी सिस्टर यायची, भांडं उचलायची, आत बघायची आणि तसंच ठेवायची. हे दारातूनच विचारायचे, "झाली का गं?" हळू बोलायचं त्यांना जमतच नाही. हळूहळू सगळा वॉर्ड माझ्या लघवीची वाट बघायला लागला. समोरच्या कॉटवरच्या बाईंची सून घरी जाताना विचारायची, पोळ्यांचा डबा आणणारा विचारायचा. मला आधी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग लाज संपली. लाजेलाही काहीतरी मर्यादा असते.

पाणी मोजून मिळायचं, घोटभर. तहान अशी की स्वप्नात मला ओढा दिसायचा, ज्याच्या काठी मी पाणी न पिता दिवसभर बसायचे. मशीनच्या खोलीत माझ्या शेजारी चुडाव्याचे एक काका असायचे. रेल्वेनं यायचे, रेल्वेनं जायचे, वर्षानुवर्षं. त्यांनी मला एक उपाय दिला. "बर्फाचा खडा गालात धरायचा, बाई. चावायचा न्हाई. त्याच्याशी निसतं बोलत बसायचं." त्या खड्यानं मला जगवलं असं मी म्हणेन.

काकांच्या मूत्रपिंडांचं काम कायमचं थांबलेलं होतं. मी त्यांना ड्रमाची आणि दसऱ्याची गोष्ट सांगितली. एवढ्या वर्षांत मशीनचं सगळं कळलं होतं त्यांना, पण आतलं असं कुणी सांगितलं नव्हतं, म्हणाले. त्यांनी ती मला दोनदा सांगायला लावली. त्यांच्याकडं बघून मला रोज भीती वाटायची, आणि त्यांच्याशी बोलून रोज थोडी कमी व्हायची.

दिवस जात होते, भांडं कोरडं होतं. एका दुपारी ह्यांनी पुन्हा आत्याबाईंचा विषय काढला तेव्हा माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "गोळी त्यांनी दिली, गिळली मी. गिरणीची मोटार उचलताना तुमची पाठ भरली होती तेव्हा तुम्हीपण त्याच डब्यातली खाल्लीत. आईला बोललात ते सगळ्या वॉर्डानं ऐकलं. आता चुकलं म्हणायचं ते पण तसंच मोठ्यानं म्हणा, आणि त्यांना घेऊन या."

ते व्हरांड्यात गेले. वॉर्डानं ऐकलं.

"आय, चुकलं माजं. तू ये. सुमन बोलवायलीय."

आत्याबाई आल्या

एसटीनं आल्या, ऋतुजाला घेऊन. डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत. आल्या तशा पायांशी बसून सुजलेले पाय दाबायला लागल्या. दाबल्यावर खड्डे पडायचे आणि त्या तेच बोटांनी सारखे करायला बघायच्या.

"घट बसवला का?" मी विचारलं.

"थोरल्या लेकाकडं बसलाय. आपल्याकडं न्हाई. घर काढून झालं न्हाई मनून."

"अहो, मग सामान?"

"रोजचं लागतंय ते ऋतुजानं आत घेतलं. बाकीचं गिरणीच्या शेडमधी हाय, ताडपत्रीखाली." त्या थांबल्या. "तू काढलंस. तूच लाव."

मला कळलं, त्या काय म्हणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या माझ्या केसांची वेणी घालत होत्या आणि मला ओटीपोटात काहीतरी जाणवलं. इतके दिवस ते विसरले होते. आधी विश्वासच बसेना. मी त्यांचा हात घट्ट धरला. "आत्याबाई, भांडं."

झाली ती अर्धा कप चहा असेल. रंगही तसाच, गढूळ. पण भांड्याच्या बुडाला तिनं एक रेघ तरी गाठली होती. आत्याबाईंनी भांडं दोन्ही हातांत घेतलं, त्यावर पदर धरला आणि देवळातून तीर्थ आणावं तशा त्या वॉर्डाच्या मधून सिस्टरकडं निघाल्या. आयुष्यात ज्या बाईनं 'लघवी' हा शब्द तोंडातून काढला नव्हता ती बाई प्रत्येक कॉटपाशी थांबून सांगत होती, "झाली. माज्या सुनंला झाली."

दाराबाहेरून ह्यांचा आवाज आला, "झाली का?" आणि सगळ्या वॉर्डानं उत्तर दिलं.

मशीनच्या खोलीत मी काकांना सांगितलं तेव्हा भीत भीतच सांगितलं. ते खूप वेळ हसले, मग म्हणाले, "माज्या वाटचं बी जाऊन येत जा आता." मी हसता हसता रडले.

ओढा

पुढचे दिवस म्हणजे नुसता महापूर. भांडं भरायचं, रिकामं व्हायचं, पुन्हा भरायचं. हे पेढे घेऊन आले आणि सगळ्यांना वाटले. मी स्वतःला बरी समजायला लागले होते. मग मॅडम राउंडला आल्या, भांडं उजेडात धरलं आणि त्यांनी पेढा हातात घेतला पण न खाता टेबलावर ठेवला.

"ताई, हिला रंग कुठंय?"

खरंच नव्हता. ओढ्याच्या पाण्यासारखी पांढरी. माझ्या पोटऱ्यांत गोळे यायला लागले होते आणि मी कुणाला सांगितलं नव्हतं. मॅडमनी समजावलं, आणि माझीच भाषा वापरली. "सामान बाहेर काढणारी बाई कामावर आलीय. आत लावणारी अजून आली नाही. चाळणी चालू झाली, नळीचं अस्तर नवं आहे, त्याला अजून निवडता येत नाही. पाणी, मीठ, सगळं वाहून चाललंय. आता जेवढं जातंय तेवढं प्यायचं."

आधी घोटाला महाग झालेली मी, आता तांब्यानं पाणी पीत होते आणि तरी सुकत होते. सारखं रक्त तपासायचे, सलाईन बदलायचे. ती भीती पहिलीपेक्षा वाईट होती, कारण तोपर्यंत आम्ही पेढे खाऊन बसलो होतो. अंगणात सगळं मांडून ठेवलंय, आभाळ भरून आलंय, आणि आत न्यायला माणूस नाही. आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन बसून राहायच्या. "पी," एवढंच म्हणायच्या. मी प्यायले की परत भरायच्या.

आणि मग एके सकाळी भांडं अर्धंच भरलं. मी घाबरले, परत बंद पडतंय की काय. आत्याबाईंनी भांडं खिडकीशी नेलं. त्या बघतच राहिल्या.

"सुमन," त्या म्हणाल्या, "हळद कालवल्यावानी दिसायलीय गं."

पिवळी होती. चांगली, दाट, वास येणारी, पिवळी. सिस्टर नाक न मुरडता मॅडमना बोलवायला पळाली. मॅडमनी भांडं उजेडात धरलं, आदल्या दिवशीचा रक्ताचा रिपोर्ट पाहिला आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. "आत लावणाऱ्या आल्या कामावर," त्या म्हणाल्या. मग टेबलावर त्या दिवसापासून राहिलेला पेढा उचलून त्यांनी तोंडात टाकला. त्या दिवशी मला जेवढा आनंद झाला तेवढा मला लग्नातही झाला नव्हता, आणि हे वाक्य आमचे हे वाचणार आहेत.

लावालाव

मानेतली नळी निघाली. घरी निघाले तेव्हा काका मशीनवर होते. त्यांनी हात वर केला, त्यातली नळी हलली. अजून मी तपासणीला जाते तेव्हा त्यांना भेटते, आणि बर्फाचा खडा कसा आहे ते विचारते.

घरी पोचले तेव्हा दिवाळी तोंडावर आली होती. मॅडमनी वजन उचलू नको म्हणून बजावलं होतं, म्हणून आत्याबाईंनी मला उंबऱ्यात पाटावर बसवलं, शेजारी पाण्याचा तांब्या ठेवला, आणि ह्यांनी शेडमधली ताडपत्री काढली. एकेक वस्तू ऋतुजा माझ्यासमोर धरायची. घंगाळ? आत, फळीवर. वाकळ? आत. तुटक्या कडीचा डबा? त्यात मेथी राहते, आत. पितळी समई, परात, उशांच्या खोळी, आत, आत, आत. प्रत्येक चीज हात लावून, ओळखून, तिच्या जागी पाठवली. मला घाई नव्हती. दोन खोल्यांचं घर भरत गेलं आणि ओटा रिकामा होत गेला.

शेवटी बाहेर उरली एक फाटकी चाळणी, दोन कान तुटलेले कप आणि बिस्किटांचा तो पत्र्याचा डबा. डबा ऋतुजानं माझ्यासमोर धरला होता, पण मी काही बोलायच्या आधीच आत्याबाईंनी तो तिच्या हातातून घेऊन कपांच्या शेजारी ठेवला. गुडघ्यांसाठी त्या आता परभणीला मॅडमच्या ओळखीच्या डॉक्टरांकडं येतात. रक्त तपासून मिळेल तीच गोळी घेतात आणि आधी पाणी पितात.

त्या ढिगाकडं बघत त्या कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "एवढंच निगालं व्हय गं टाकायला?" त्या म्हणाल्या. "एवढ्यासाठी आख्खं घर भाईर काढायचं?"

"हो आत्याबाई," मी म्हटलं. "असंच असतं ते."

मला आणखी पुष्कळ सांगायचं होतं. ड्रमाचं, वाटीचं, त्या वळणावळणाच्या नळीचं, तिच्यातल्या न दिसणाऱ्या बायकांचं. पण तोवर तांब्या मी पूर्ण संपवला होता. मला लघवीला लागली, आणि सगळं तिथंच टाकून मी उठून पळाले.